कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटावर पुळ्या आल्या म्हणून त्याला घराबाहेर काढू नका

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: पिल्लाच्या पोटावर पुळ्या म्हणजे खरूज, पोरांना लागते, पिल्लू बाहेर ठेवा, रोज डेटॉलने आंघोळ घाला, हळद-खोबरेल लावा, नाहीच गेलं तर मेडिकलमधून दोन दिवसांचं अँटिबायोटिक आणा.

आधी खरूज. ती बारीक किड्यांमुळे होते, कानाच्या कडा आणि कोपरं जास्त धरते आणि खाज इतकी की पिल्लू झोपत नाही. पण पोटावर, जांघेत, काखेत जिथे केस विरळ तिथेच पिवळट पुवाच्या पुळ्या, फुटल्या की पातळ खपली, खाज फारशी नाही, पिल्लू मस्त खातंय खेळतंय, तर ते बहुतेक वेळा बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, त्याला इम्पेटिगो म्हणतात. यातला नेहमीचा बॅक्टेरिया म्हणजे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस, तो धडधाकट कुत्र्याच्या अंगावरही असतोच, फक्त पिल्लाची कातडी नाजूक, त्यात ओलं गोणपाट, जंत, पिसवा, नीट खायला नाही, आणि आपल्याकडची जुलैची दमट हवा, की त्याचं फावतं.

मग हे इम्पेटिगो पोरांना लागतं का? सहसा नाही, हात धुतले की पुरे. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र जपा. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते खरंच लागतं, म्हणूनच फोटोवरून निदान करू नका, डॉक्टर पुळीतला पू स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, कातडी खरवडून किडे आहेत का तेही बघतात.

डेटॉल अजिबात नको. कातडी जळते आणि पिल्लू ते चाटतं, पोटात जातं. तेलाने ओल आणि घाण धरून राहते. डॉक्टर बहुतेक क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू देतात, तो 10 मिनिटं अंगावर ठेवायचा, धुवायचा आणि पूर्ण कोरडं करायचं, हे कोरडं करणं लोक विसरतात. हलकं इन्फेक्शन बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं.

दोन दिवसांच्या अँटिबायोटिकचा सल्ला तर सगळ्यात वाईट, असल्या अर्धवट वापरानेच गोळ्यांना दाद न देणारे बॅक्टेरिया वाढतात. गोळ्या लागल्याच तर किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. माणसांच्या मिक्स क्रीममध्ये, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या क्रीममध्ये, बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, तेही लावू नका.

आणि तोंड, पापण्या सुजल्या, जबड्याखाली गाठी आल्या, पिल्लू मलूल झालं तर शाम्पूच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. जवळ कुणी डॉक्टर नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचा दवाखाना, आहे.