उलट्या-जुलाबांची साथ सॅनिटायझरने थांबत नाही

वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या नातेवाइकांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: एकदम चार-पाच जणांना उलट्या-जुलाब झाले तर दोष शिळ्या अन्नाचा, सर्वांनी दर तासाला सॅनिटायझर लावावे, कर्मचाऱ्याचे जुलाब थांबले की त्याला कामावर घ्यावे, आणि सगळ्यांना अँटिबायोटिक सुरू करावे.

अशा साथीत नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची शंका आधी घ्यावी लागते, आणि तो असेल तर हे सल्ले साथ वाढवतात. हा परदेशातलाच आजार आहे, असेही कुणी समजू नये. २०२१ मध्ये केरळात वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना तो झाला होता.

अन्नातून तो येऊ शकतो, हे खरे. पण आज एका खाटेवर, परवा शेजारच्या खाटेवर आणि मग मावशींना, असा क्रम दिसला तर तो माणसाकडून माणसाकडे चालला आहे. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. उलटीचे बारीक तुषार आसपास पडतात आणि विषाणूचे अगदी थोडे कणही लागण करायला पुरतात. अशा वेळी स्वयंपाकिणीला बोल लावत बसले की बेडपॅन, नळाची चावी आणि खाटेचा कठडा तसेच राहतात.

सॅनिटायझरचा सल्ला कोरोनाच्या सवयीतून आला आहे. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते, ते अल्कोहोलने मोडते. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही. त्यामुळे साबण आणि वाहते पाणी हवे. चोळून धुतल्यावर तो हातावरून निघून जातो. फरशी आणि कठड्यांना हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण, लावावे. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, रोज ताजे. आधी हातमोजे आणि मास्क घालून घाण कागदाने उचलायची, कारण घाणीवरच ओतले तर क्लोरीन तिथेच खर्ची पडते. मग जागा किमान ५ मिनिटे ओली राहू द्यायची. या द्रावणात संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि फिनेलचा वास आला म्हणजे विषाणू गेला असे नाही.

सगळ्यात घातक सल्ला कामावर परतण्याचा आहे. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पूर्ण ४८ तास घरीच राहायला हवे. त्यानंतरही विषाणू शौचातून दोन आठवडे किंवा जास्त काळ पडत राहतो, म्हणून हात धुण्यात ढिलाई नको. पण रोजंदारीवरच्या मावशींचा खाडा पडला की पैसे कापले जातात, मग त्या आजार लपवून येतात आणि दहा जणांना भरवतात. यात त्यांचा दोष काढणे मला अन्यायाचे वाटते. ते दोन दिवस भरपगारी द्या, ही मागणी नातेवाइकांनीच संस्थेकडे लावून धरावी. आजारी मजल्यावरच्या मावशींना दुसऱ्या मजल्यावर पाठवू नये आणि साथ ओसरेपर्यंत नवे प्रवेश थांबवावेत, हेही सोबत मागावे.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला धोका पाणी कमी होण्याचा असतो, आणि त्यांना तहान नीट जाणवतही नाही. ओआरएस घोट-घोट, मागितले नाही तरी द्यावे. लघवी कमी झाली किंवा गुंगी आली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.