ट्रेनिंग ड्युटीत धरा

मागच्या महिन्यात आमच्या लेबर रूममध्ये ट्रेनिंगसाठी रबरी बाहुली आली, नवजात बाळाच्या मापाची. शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, बाळ रडत नाहीये. करा सुरू." 19 वर्षं अंबू बॅग, म्हणजे मास्क लावून बाळाच्या छातीत हवा भरायची रबरी पिशवी, हाताळतेय, म्हटलं यात काय अवघड! मास्क लावला, बॅग दाबली. छाती हलेना. परत दाबली, तरी नाही. मॅडमनी माझी करंगळी धरून बाहुलीच्या जबड्याखाली सरकवली. "आता दाबा." छाती वर आली. माझा मास्क हनुवटीपाशी तिरका बसत होता, हवा बाजूनंच निघून जात होती. न रडणाऱ्या बाळाच्या हाताशी असतं जेमतेम एक मिनिट. त्या रात्री जेवण गेलं नाही. जुनी बाळं आठवत राहिली.

शिकत राहायचा नियम नाही असं नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांना 5 वर्षांत प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात, नर्सेसना 150 तास. पण हे तास भरतात कसे? वीकली ऑफला, पदरचे पैसे भरून. नाईट उतरून हॉलमध्ये जाऊन बसायचं, पडद्यावर स्लाईड सरकतात, निम्म्या जणी पेंगतात, शेवटी सर्टिफिकेट. माझी फाईल गच्च भरलीय. त्यातल्या एकाही सर्टिफिकेटनं माझी करंगळी हलवली नव्हती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970च्या दशकापासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण एकदा शिकवलं आणि सोडून दिलं, असं केलं नाही. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर यायच्या, गावात काय अडलं ते सांगायच्या आणि पुढचं शिकून जायच्या. आम्ही तर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या!

माझं म्हणणं एवढंच, महिन्यातून एक तास द्या, पण ड्युटीतला. त्या तासाला वॉर्ड सांभाळायला दुसरी सिस्टर द्या. "स्टाफ कुठंय?" हे उत्तर मला पाठ आहे. स्टाफ कमी आहे म्हणून तर एकटीच्या हाताला जास्त यायला हवं ना?

बाहुलीची डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद झाली आणि ती कपाटात गेली. परवा नाईटला किल्ली मागून घेतली, नवीन लागलेल्या पोरीच्या हातात बॅग दिली. छाती हलेना. "मॅडम, बाहुली बिघडलीय," म्हणाली.