बत्तीस जवान आणि एक मोरी

रात्री साडेनऊला मी ताटावर असताना भाच्यानं विचारलं, "मामा, सोळा बाय चोवीसमध्ये बत्तीस माणसं झोपतील?"

मला वाटलं, जोतिबाच्या यात्रेचं विचारतोय. चैत्र पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि बहिणीच्या सासरची मंडळी दरवर्षी डोंगरावर जाताना आमच्याकडंच उतरतात. मी सवयीनं म्हणालो, "आडवी की बसून?"

"बंकवर. अवकाशयानात."

भाचा इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला आहे, शिकायला आमच्याकडंच असतो. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून टेबलावर खेळायचा कसला तरी गेम तयार करतायत. त्यात ताऱ्याताऱ्यांत फिरणारं एक जहाज आहे आणि जहाजावर मरीन, म्हणजे दुसऱ्याच्या जहाजातून जाऊन भलत्याच्या जमिनीवर उतरणारं पायदळ. यांची राहायची सोय कशी असेल याचा नकाशा त्याला हवा होता. मी सव्वीस वर्षं घरांचे नकाशे काढतोय. वन बीएचकेत देवघर, वॉशिंग मशीन आणि सासरे बसवणाऱ्या माणसाला जहाज काय जड? "आणतो की काढून," म्हणालो. तिथंच फसलो.

आधी गुरुत्वाकर्षण. अंतराळात वजन लागत नाही, ते आणायला जहाज चाकासारखं गरगर फिरवायचं, म्हणजे माणसं कडेला दाबली जातात. पोरगं म्हणालं, हे चाक मिनिटाला दोन फेऱ्या फिरवलं आणि पृथ्वीएवढं वजन हवं असलं, तर त्रिज्या २२४ मीटरच्या आसपास लागते. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर रुंदीचं चाक. मी म्हणालो, एवढा प्लॉट कुठाय आपल्याकडं? तो म्हणाला, "मग गुरुत्वाकर्षण आहे असं धरा." ही भाषा मला कळते. आमचे बिल्डरही 'पार्किंग आहे असं धरा' म्हणतात.

मग हिशेब. बंक साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, एकावर एक तीन. दोन्ही भिंतींना डोकी लावली की तेरा फूट गेले, मधे तीन फुटांचा बोळ उरला. एका बाजूला सहा रांगा, दुसऱ्या बाजूला पाच. अकरा त्रिक तेहेतीस. जवान बत्तीस, एक बंक जास्त. आमच्या धंद्यात जास्तीची जागा उरणं म्हणजे नकाशात चूक असणं. तीनदा तपासलं, चूक नव्हती. तेहेतिसाव्या बंकवर बारीक अक्षरात 'रिकामा' असं लिहिलं.

बायकोनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "माळा कुठाय?"

"अगं, जवान आहेत ते."

"जवान आहेत म्हणून सामान नसतंय व्हय? मी सांगतो तुम्हाला, माळ्याशिवाय घर उभं राहत न्हाई." (आमच्याकडं बायकाही 'सांगतो' आणि 'जातो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) तिचाही दोष नाही. चैत्र म्हणजे वर्षाची चटणी करायचे दिवस. डंकावरनं आलेले चटणीचे चार डबे तेव्हा माझ्या ड्रॉइंग बोर्डखालीच होते आणि मी कागदावर दर दोन रेघांमागं एकदा शिंकत होतो.

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन गल्लीतल्या सुभेदारांकडं गेलो. मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत. बंकांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"कोत कुठाय?"

कोत म्हणजे हत्यारांची खोली. ती नव्हती.

"ओले बूट कुठं वाळवणार?"

"अंतराळात पाऊस नसतो, सुभेदार."

"ज्या ग्रहावर उतरणार, तिथं?" मी गप्प. "संडास किती?"

"दोन. आणि एक मोरी."

"फॉलिन किती वाजता?" फॉलिन म्हणजे सकाळी हजेरीला रांगेत उभं राहणं.

"सहा."

त्यांनी डोळे मिटले. "माणशी आठ मिनिटं. सोळा आठं एकशे अठ्ठावीस. पहिला जवान चारला आठ मिनिटं कमी असताना आत पाहिजे. तुमची फौज लढायच्या आधीच जागरणानं मरणार." मग चहा मागवला आणि एकच वाक्य बोलले, "बराक पलंगावर चालत नाही मास्तर, गटारावर चालते."

सव्वीस वर्षांत एकाही आर्किटेक्टनं मला हे इतकं नीट सांगितलेलं नाही.

भाचा अशा गोष्टींनी खचत नाही. त्याचं म्हणणं, पाणबुडीत एका बंकवर दोघं-तिघं पाळीपाळीनं झोपतात, एक उठला की दुसरा त्याच ऊबदार गादीवर. म्हणजे बंक निम्मे करा आणि संडास वाढवा. बायको म्हणाली, ज्यानं ही युक्ती काढली त्याला आधी तुझ्या मामाच्या गादीवर झोपव. मी या वादात पडलो नाही. जुन्या शिडाच्या जहाजांवर मरीनांची राहायची जागा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध असायची, खालच्यांनी बंड केलं तर वरच्यांना वाचवायला. आमच्या घरात आईची खोली पुढं, स्वयंपाकघर मागं, आणि मधल्या सोप्यात माझा दिवाण. ती नोकरी मी लग्नापासून करतोय.

जेवणाचं मात्र मी कोणाला विचारलं नाही. अंतराळवीरांना वजनरहित अवस्थेत तोंडाकडं द्रव चढून नाक चोंदल्यासारखं होतं, जेवण मिळमिळीत लागतं, आणि ते तिखट सॉस मागतात. हे वाचलं तेव्हा ऊर भरून आला. यांना तांबडा रस्सा माहीतच नाही! पण रस्सा तिथं वाटीत राहत नाही, गोळा होऊन तरंगतो. आणि भाकरी तर नकोच. कण उडून यंत्रात जातात, म्हणून १९८५ पासून तिथं पावाऐवजी टॉर्टिया नेतात, म्हणजे शेवटी चपातीच. आपलं गुरुत्वाकर्षण 'धरलेलं' असल्यामुळं मी बेधडक पांढराही काढला आणि भटारखान्याला धुराडं दिलं. भाच्यानं ते खोडलं. म्हणाला, "मामा, बाहेर निर्वात पोकळी हाय. धूर न्हाई, जवान जातील त्यातनं."

तालमीवरनं जास्त झालं. अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, नाहीतर हाडं आणि स्नायू झिजतात. मी लगेच लाल मातीचा हौदा आखला. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती, कोपऱ्यात मारुती. १९१२ सालचं खासबाग कुस्ती मैदान ज्या गावात आहे, तिथला माणूस ट्रेडमिल काढेल का? भाचा म्हणाला, मातीनं हवेचे फिल्टर तुंबतील. मी म्हणालो, तुंबूदे, जवान तरी जवान दिसतील. दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो. हौदा अजून नकाशात आहे, फक्त मी त्यावर 'बहुउद्देशीय' लिहिलंय.

मग पौर्णिमेची आदली रात्र आली आणि पाहुणे उतरले. एकोणीस. आधी बारा म्हणाले होते, वाटेत सात मिळाले. गुलालाच्या पिशव्या, दोन सासनकाठीवाले, एक तान्हं बाळ आणि बाळाचा पाळणा. भाच्याचे डोळे चमकले. नकाशा भिंतीला चिकटवून तो पाहुण्यांना ओळीनं झोपवायला लागला, "काका, तुम्ही बी-चार." काका बी-चारला झोपले आणि असे घोरले की बी-पाच आणि बी-सहा जिन्यात गेले. बूट सुभेदार म्हणाले होते तसेच, दारात ढीग. पंख्यावरनं भांडण. (वजन नसलं तर पंखा लागतोच म्हणे. वारा नसला की सोडलेला श्वास तोंडापाशीच साठून राहतो. आमच्याकडं तो माजघरात वजनासकट साठला होता.)

पहाटे पावणेचारला मोरीपुढं टॉवेल खांद्यावर टाकून मी रांगेत अकरावा होतो. माझ्या पुढच्या आजोबांनी मागं वळून विचारलं, "तुम्ही कुठनं आलासा?"

"इथलाच," म्हणालो.

आंघोळ मिळाली पावणेसहाला, गार. पाहुणे डोंगराला गेले. माझ्या दिवाणावर पाळणा होता आणि पाळण्यात बाळ होतं, त्याची आई त्याला ठेवून दर्शनाला गेली होती. पाठ टेकायला घरात कुठंच जागा नव्हती. मला तो तेहेतिसावा बंक आठवला. भिंतीवरचा नकाशा उतरवला, पेन्सिलीला टोक केलं, म्हटलं निदान कागदावर तरी आपलं नाव घालू.

'रिकामा' कुणीतरी आधीच खोडलं होतं. शेजारी बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चटणीचे डबे, ४.'