डबी वाजते

एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या प्रेपच्या तीस गोळ्यांची डबी असते. पांढरी, प्लॅस्टिकची, दाबून फिरवायचं झाकण, आत ओल शोषणारी छोटी पुडी. स्ट्रिप असती तर वहीत सरकवता आली असती, पाकिटात मावली असती. डबी वाजते. बॅगेत वाजते, कपाटात वाजते, एसटीला गचका बसला की वाजते.

माझं मिरजेत मेडिकल आहे. बाबांनी सुरू केलेलं, गेली बावीस वर्षं मी बघते. काउंटरवर बाई असली की पोरं कंडोम घ्यायला येतात आणि क्रोसिन घेऊन परत जातात. माझ्या दुकानाइतकी डोकेदुखीची गिऱ्हाइकं अख्ख्या मिरजेत नसतील.

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं प्रेपची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "घ्या, आता पापाचीही गोळी आली." हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. तिथं गप्प बसले, म्हणून इथं लिहितेय.

प्रेप म्हणजे एचआयव्ही झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे अशा माणसानं आधीपासून घ्यायचं औषध. एका गोळीत दोन औषधं असतात, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन. "आता आली" हेही खरं नाही. अमेरिकेत या वापराला जुलै २०१२ मध्येच मान्यता मिळाली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जास्त धोका असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली. आपल्याकडच्या कंपन्या ही गोळी कधीपासूनच बनवतात.

तिचं काम मी गिऱ्हाइकाला असं सांगते. विषाणू पेशीत शिरला की स्वतःची नक्कल करायला मण्यांची माळ ओवायला लागतो. ही औषधं म्हणजे खोटे मणी. दिसायला खऱ्यासारखे, पण पुढून भोकच नाही. तो ओवला गेला की पुढचा मणी घालता येत नाही, माळ तिथंच अडते. पण खोटे मणी आधीपासून पेशीत हजर पाहिजेत. म्हणून नेम महत्त्वाचा. नेमानं घेतली तर शारीरिक संबंधातून लागण होण्याचा धोका ९९ टक्क्यांपर्यंत कमी होतो.

एवढं चांगलं औषध, मग अडतंय कुठं? माझ्या मते डबीशी. हे मला माझ्याच दुकानात, माझ्याच चुकीनं कळलं.

सहा-सात वर्षं झाली असतील. तिशीच्या आतला एक मुलगा आला. चिठ्ठी काउंटरवर उलटी ठेवली. मी ती सुलटी केली आणि सवयीनं नाव मोठ्यानं वाचलं. आत माल लावत असलेला आमचा पोऱ्या तिथूनच ओरडला, "ताई, ती एचआयव्हीची गोळी ना? संपल्यात!" दुकानात दोनच माणसं होती. एक ग्राइप वॉटर घ्यायला आलेली बाई आणि बीपीच्या गोळ्यांसाठी थांबलेले निवृत्त गुरुजी. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं, बस्स, एवढंच. पोरानं चिठ्ठी उचलली, "राहू दे" म्हणाला आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही. पोऱ्याला मी झापलं, पण नाव मोठ्यानं मी वाचलं होतं.

आणि पोऱ्याचं तरी काय चुकलं? हीच औषधं तिसऱ्या औषधाच्या जोडीनं एचआयव्हीच्या उपचारातही देतात. त्यामुळे घरात कुणाला डबी सापडली आणि त्यानं नाव गूगल केलं, तर उत्तर एकच येणार. आजार होऊ नये म्हणून जो काळजी घेतो, त्याच्यावरच आजाराचा शिक्का बसतो.

हे माझं एकटीचं काउंटरवरचं तत्त्वज्ञान नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेत पाच हजारांवर बायकांवर 'व्हॉइस' नावाचा अभ्यास झाला. त्याचे आकडे २०१३ मध्ये बाहेर आले. गोळी घेतो म्हणून बायका सांगत होत्या, पण ही दोन औषधांची गोळी ज्यांना दिली होती त्यांच्या रक्ताच्या दहा नमुन्यांपैकी पुरत्या तीन नमुन्यांतही औषध सापडलं नाही. अर्थात गोळीचा उपयोगही दिसला नाही. नंतर त्याच बायकांशी नीट बसून बोलल्यावर जे बाहेर आलं त्यात एक कारण हेही होतं, की लोक आपल्याला एचआयव्हीबाधित समजतील. डबी तिकडेही वाजत होती.

उलटं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. कोलकात्याच्या सोनागाछीत आणि म्हैसूरला वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या स्वतःच्या संघटनांनी प्रेपचे प्रकल्प चालवले आणि तिथं बायकांनी गोळ्या नेमानं घेतल्या. देणारी आपल्यातली, शेजारीणही तीच गोळी घेते, मग लपवायचं कुणापासून? आमच्या सांगलीकरांना हे नवीन वाटायला नको. 'संग्राम' या संस्थेनं १९९२ पासून इथं हेच केलं. धंद्यातल्या बायकांनीच बायकांना कंडोम वाटले. तेव्हाही गावात पापपुण्याच्या चर्चा चालायच्याच.

आता त्या पापाबद्दल. हॉस्पिटलात सिस्टरला वापरलेली सुई टोचली तर लगेच तिला २८ दिवसांचा कोर्स सुरू करतात. त्यात हेच टेनोफोव्हिर असतं. सुई टोचली तेव्हा तुझं लक्ष कुठं होतं, असं कुणी तिला विचारत नाही. विचारूच नये. मग माझ्या काउंटरवर आलेल्या माणसालाच "कुणासाठी?" हा प्रश्न का? मीही तो विचारायचे. आवाजात काळजी आणि डोळ्यांत चौकशी. आता विचारत नाही.

जाता जाता, या दोन औषधयोजना लोक एकच समजतात. काल रात्री काही घडून गेलं असेल तर प्रेप नव्हे, तो २८ दिवसांचा कोर्स लागतो, पेप. तो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतो, जितक्या लवकर तितकं बरं. शनिवारी घडलं म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ या नंबरवर फोन फुकट लागतो.

चिठ्ठीशिवाय मात्र मी ही डबी देत नाही, मग कुणी कितीही गयावया करो. आधी एचआयव्हीची तपासणी हवीच. लागण झालेली असताना नुसती ही दोनच औषधं घेत राहिलं, तर विषाणू त्यांना सरावतो आणि पुढं उपचाराला तीच कामाला येत नाहीत. किडनीसाठी क्रिएटिनिन बघावं लागतं. हिपॅटायटिस बी असेल तर गोळी मनानं बंद करणं लिव्हरला महागात पडू शकतं. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. शिवाय गरमी, परमा अशा गुप्तरोगांना ही गोळी अडवत नाही, दिवसही राहू शकतात, म्हणजे कंडोमची सुट्टी झाली असं नाही. पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर रोज न घेता संबंधांच्या आधी दोन गोळ्या आणि नंतर दोन दिवस रोज एकेक अशीही पद्धत आहे. ती डॉक्टरांकडून समजून घ्यायची. बायकांसाठी ती नाही, त्यांनी रोजच घ्यायला हवी.

मला राहून राहून बायकांचंच वाटतं. नवरा वर्षातले दहा महिने बाहेरगावी कामधंद्याला. दिवाळीला घरी येतो. त्याला कंडोम वापर म्हणणं म्हणजे घरात महाभारत, "माझ्यावर संशय घेतेस?" नव्वदच्या दशकात आमच्या भागात अशा किती बायका नवऱ्यामागोमाग आजारी पडल्या, ते इथल्या जुन्या डॉक्टरांना विचारा. कंडोमला नवऱ्याचा होकार लागतो, गोळीला लागत नाही. कागदावर तरी. प्रत्यक्षात सासू, जाऊ, दोन खोल्या आणि एक कपाट. तांदळाच्या डब्यात पैसे लपवता येतात, वाजणारी डबी नाही लपवता येत.

नवरा बाधित आहे हे ज्या घरात माहीत आहे, तिथलं गणित उलट सोपं आहे. त्याचे उपचार नीट चालू असतील आणि रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नसेल, तर त्याच्यापासून बायकोला संबंधांतून लागण होत नाही. तिथवर पोचेपर्यंतच्या महिन्यांत तिला प्रेपचा आधार देता येतो. बाधितांना सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधं फुकट मिळतात. प्रेप मात्र बहुतेकांना पदरच्या पैशानं घ्यावी लागते, आणि जिच्या पदरात पैसेच नाहीत तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

म्हणून त्या नव्या इंजेक्शनकडं माझे डोळे लागलेत. लेनाकापाविर. सहा महिन्यांतून एकदा, पोटाच्या कातडीखाली. पहिल्या इंजेक्शनच्या जोडीनं दोन दिवस गोळ्या, मग नुसती वर्षाला दोन इंजेक्शनं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत २,१३४ तरुण मुलींना ते दिलं, लागण एकीलाही झाली नाही. त्याच चाचणीत रोजच्या गोळीच्या गटांत मुली बाधित झाल्या, कारण बहुतेकींच्या गोळ्या चुकत होत्या. अमेरिकेनं १८ जून २०२५ ला मान्यता दिली, किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. ती वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. पण १२० देशांसाठी ते स्वस्तात बनवायचा परवाना सहा कंपन्यांना मिळालाय, त्यात आपल्या पुण्याची एमक्युअरही आहे. आणि डॉ. रेड्डीज आणि हेटेरो २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार असं जाहीर झालंय. फ्रिजही लागत नाही त्याला, मी आधी तेच बघितलं, आमचा फ्रिज इन्सुलिननं भरलेला असतो.

माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे. बुधवारी दुपारी अडीचला येतो, दुकान रिकामं असताना. पहिल्यांदा डबी घेतली तेव्हा त्यानं ती कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाला, "ताई, कापूस आहे?" मी रोल पुढं केला. त्यानं बोळा करून डबीत कोंबला, पुन्हा हलवली, आवाज नाही. तेव्हापासून दर महिन्याला डबी आणि कापूस.

या बुधवारी त्यानं इंजेक्शनबद्दल वाचलं होतं. म्हणाला, "आपल्याकडं आलं की सांगाल?"

"सांगते की. नंबर देऊन ठेव, फोन करीन."

तो जरा थांबला.

"फोन नको ताई. मी येतोच ना दर महिन्याला."