पॅलेस्ट्रिनाची स्वरलिपी फुकट? अर्धंच खरं

‘इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिना १५९४ साली वारला, म्हणून त्याच्या मिस्सांची (चर्चमधल्या उपासनेसाठीच्या समूहगायन-रचनांची) कुठलीही छापील प्रत झेरॉक्स करायला मोकळीक आहे’ हा फिरणारा दावा अर्धवट आहे. मुक्त आहे ती रचना. नव्या संपादित आवृत्तीवर वेगळा हक्क असू शकतो. जर्मनीत अभ्यासपूर्ण आवृत्तीला प्रकाशनापासून २५ वर्षं संरक्षण मिळतं. ब्राइटकॉफ या जर्मन प्रकाशकाची १८६२ ते १९०७मधली ३३ खंडांची आवृत्ती आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावर आहे, पण तीत वरचे आवाज जुन्या सी-क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते ठरवणारं चिन्ह). आजच्या ट्रेबल क्लेफची सवय असलेला क्वायर (गायकवृंद) तिथेच अडखळतो. सीपीडीएल या समूहगायनाच्या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर क्लेफ बदललेल्या प्रती सापडतात. मात्र तिथे प्रत्येक प्रतीचा परवाना निराळा, आणि कधी पट्टीही: एकीत मूळ, दुसरीत खाली आणलेली. त्यामुळे सगळ्यांच्या हाती एकाच संपादकाची प्रत द्या.