झाकली मूठ, निघाली मिरवणूक

शहरात संप झाला, चाकं थांबली, कामगार चौकाचौकात उभे राहिले, की घाबरट माणसं दारं लावून बसतात. तुम्ही तसलं काही करू नका. तुम्ही मिरवणूक काढा.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शेठजींकडून शिका. जुलै १८७७ मध्ये तिथे रेल्वेचा संप पेटला आणि बघता बघता अख्खं शहर कामगारांच्या हातात गेलं. गोरे-काळे एकत्र चालत होते. मागणी काय, तर दिवसाला आठच तास काम आणि कारखान्यात पोरं जुंपू नका. अतिच झालं! संप मोडला गेला, पण रस्ता कुणाचा हे लोकांच्या ध्यानात आलं ते आलंच. मग १८७८ साली चार्ल्स स्लेबॅक या धान्याच्या दलालाने बड्या व्यापाऱ्यांना जमवून एक गुप्त मंडळ काढलं. नाव ‘व्हेल्ड प्रॉफेट’, म्हणजे बुरखेवाला प्रेषित. ८ ऑक्टोबरला पहिली मिरवणूक निघाली. कल्पना न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्राची, म्हणजे तिथल्या मुखवट्या-चित्ररथांच्या उत्सवाची. उसनवारीला लाजायचं नसतं.

आता देव कुठून आणायचा? तोही उसना. थॉमस मूर या आयरिश कवीचं ‘लल्ला रूख’ नावाचं काव्य १८१७ चं, म्हणजे आपल्याकडे खडकीची लढाई झाली त्याच वर्षीचं. त्यात औरंगजेबाची कल्पित मुलगी दिल्लीहून काश्मीरला निघते आणि वाटेत तिला खुरासानच्या बुरखेवाल्याची गोष्ट ऐकवली जाते. ज्या बापाने शेवटची पंचवीस वर्षं आपल्याकडे घोडी दमवली आणि जो खुलदाबादला झोपला, त्याच्या लेकीची करमणूक मिसिसिपीकाठच्या धान्यबाजारात कामी आली! तुम्हीही अशीच एखादी लांबची कथा निवडा. फक्त ती अर्धीच वाचा. उरलेली मी मागाहून सांगतो.

जाहिरात प्रेमळ असावी. पहिल्या मिरवणुकीआधी तिथल्या वर्तमानपत्राने प्रेषिताचं चित्र छापलं. पांढरा झगा, डोक्यापासून तोंडापर्यंत टोकदार पांढरी टोपी, एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात बंदूक. सोबत खुलासा, की हा थाट पाहता ट्रामच काय, कुणीच ही मिरवणूक अडवायचं नाही. पोरंबाळं घेऊन या, मजा आहे.

बुरख्याआड कोण, हे मात्र सांगायचं नाही. पहिल्या वर्षी सांगितलं, ते शहाणपणच होतं: जॉन प्रीस्ट, शहराचे पोलीस कमिशनर. ज्यांना समजायचं त्यांना समजलं. त्यानंतर मूठ झाकली ती झाकलीच, आणि सव्वा लाखाची झाली. रस्त्यावर सगळ्या गावासाठी चित्ररथ, आणि दिवाणखान्यात फक्त आपल्यांसाठी नाच. तिथे मंडळींच्याच लेकींतून एक ‘प्रेम आणि सौंदर्याची राणी’ निवडायची. शेजारी शेठ, तसबिरीत सोयरे. गाव फुटपाथवरून टाळ्या वाजवतं.

तरी कुरकुरे निघतातच. १९६०च्या दशकात पर्सी ग्रीन यांच्या ‘ॲक्शन’ संघटनेचे लोक चित्ररथांपुढे आडवे पडू लागले. म्हणे, ज्या कंपन्यांचे साहेब या मंडळात मिरवतात, त्या कंपन्या काळ्या माणसाला धड नोकरी देत नाहीत. मिरवणुकीत असल्या हिशेबाच्या गोष्टी काढतात का?

आणि मग डिसेंबर १९७२. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून नीट ऐका. कील ऑडिटोरियममध्ये सोहळा रंगात आलेला. झगझगीत कपडे, कमरेत वाकून मुजरे. समोरच्या सज्जातून एक बाई पत्रकं उधळू लागते, सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. तेवढ्यात जीना स्कॉट नावाची दुसरी बाई वरून विजेच्या केबलला धरून खाली घसरते. केबल तुटते, बाई आपटते, बरगड्यांना मार लागतो. ती उठते, सिंहासनामागून जाते आणि बुरखा ओढते. आत कोण? टॉम स्मिथ, मोन्सँटो कंपनीचे बडे अधिकारी. खुरासानहून थेट खतं-औषधांच्या खात्यात!

इथे घाबरायचं नाही. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी काय केलं? नाव छापलंच नाही. भर सभेत दिसलेलं तोंड पुन्हा झाकून दिलं. पत्रकारितेवरच्या एका छोट्या नियतकालिकाने ते छापून रसभंग केला, तेवढाच काय तो.

पुढे दिवस बदलले की मंडळानेही बदलावं. शंभर वर्षं थांबून १९७९ मध्ये पहिले काळे सभासद घ्यावेत; घाई नको. दोन वर्षांनी मिरवणूक चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला न्यावी, म्हणजे टीका करणारा देशद्रोही ठरतो. नदीकाठी जत्रा भरवावी. पलीकडच्या ईस्ट सेंट लुईसचे बहुतेक काळे लोक पुलावरून चालत येतात म्हणून १९८७ साली पायी वाहतूकच बंद करावी. कोर्ट पूल उघडायला लावेल, तर लावू दे. मग जत्रेचं नाव बदलावं. आणि २०२१ मध्ये कुणीतरी १९९९ च्या राणीचा, एव्हाना नामांकित नटी झालेल्या एली केम्परचा, मुकुटातला फोटो शोधून काढला आणि तिने जाहीर माफी मागितली, तर मंडळानेही घसा खाकरून चार गोड शब्द बोलावेत.

हां, ती अर्धी गोष्ट राहिली. काव्यातला बुरखेवाला सांगत असतो, की माझ्या चेहऱ्याचं तेज तुम्हाला सोसणार नाही. खरं तर तोंड भयंकर विद्रूप असतं. आणि शेवटी हरायची वेळ येते, तेव्हा तो आपल्याच भक्तांना मेजवानीला बोलावतो आणि विष पाजतो. तेव्हा मंडळाच्या भोजनाचं आमंत्रण तुम्हाला आलंच, तर घरून जेवून जा.