खडखड म्हणजे शॉकअपच गेले, असं नाही

‘गाडीच्या पुढून खटखट आवाज आला की शॉकअपची जोडी बदलायची’ असा सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो अर्धवट आहे, आणि खिशाला महाग. शॉकअप गेल्याची खूण वेगळी: त्यावर तेल ओघळलेलं दिसतं, खड्ड्यानंतर गाडी डोलत राहते.

हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर खडखड होत असेल तर आधी स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक, म्हणजे त्याच्या टोकाची छोटी जोडकांडी, बघा. स्वस्तातला भाग. इथे एक गफलत नेहमी होते. एकच चाक जॅकवर उचललं की बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि तिची ढिलाई लपते. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी ठेवून, इंजिन बंद करून, हाताने लिंक हलवायची. बॉल जॉइंटचं, म्हणजे चाकाकडचा भाग लोअर आर्मला (खालच्या आडव्या दांड्याला) जोडणाऱ्या गोल सांध्याचं, मात्र उलटं. बहुतेक छोट्या गाड्यांत चाक अधांतरी ठेवून लोअर आर्मपाशी टॉमीने (लोखंडी पहारीने) रेटलं की खेळ, म्हणजे ढिलाई, कळतो. तो ढिला सापडला तर गाडी तशीच दामटू नका. जॉइंट निसटला तर चाक कोलमडतं.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट आली, तर संशय अ‍ॅक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाकाकडच्या सांध्यावर. त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालंय का, तेही पाहा. उभ्या गाडीत नुसतं स्टेअरिंग फिरवताना ‘टण्ण’ वाजलं तर स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या माउंटचं, म्हणजे बैठकीचं, बेअरिंग. ब्रेक दाबताना ठोका बसला तर बहुधा लोअर आर्मचे रबरी बुश.

शॉकअप बदलायचेच ठरले तर जोडीनेच बदला. सल्ल्यातला तेवढा भाग खरा आहे.